मिथाइल अ‍ॅसिटेटच्या जलविघटनाचा वेग मोजताना: कुठं चुकतं आणि क्रम कसा ठेवायचा

बीएस्सीच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं होणारं हे प्रॅक्टिकल. मिथाइल अ‍ॅसिटेट, पाणी आणि उत्प्रेरक म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल. एस्टर (म्हणजे हेच मिथाइल अ‍ॅसिटेट) फुटतं, अ‍ॅसेटिक आम्ल आणि मिथेनॉल तयार होतं, आणि वाढत जाणारं आम्ल आपण कॉस्टिक सोड्याने मोजतो. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. तरी एकाच बाकावरच्या दोन जोड्यांचे वेग स्थिरांक (अभिक्रिया किती वेगाने होते ते सांगणारा आकडा) एकमेकांच्या दीडपट येतात, आणि मग शेजारच्या जर्नलमधले आकडे उतरवण्याचा समारंभ सुरू होतो.

गणित सहसा बरोबरच असतं. बिघाड झालेला असतो बाटलीत, बर्फात किंवा घड्याळात, आणि तो बहुतेक वेळा एस्टर ओतण्याच्या आधीच. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे.

कशात काटेकोर राहायचं, कशात नाही

ही पहिल्या दर्जाची अभिक्रिया, म्हणजे वेग उरलेल्या एस्टरच्या प्रमाणात असतो. अशा अभिक्रियेत वेग स्थिरांक हा गुणोत्तरातून येतो. सुरुवातीला किती एस्टर होतं यापेक्षा त्यातला कितवा भाग उरला, एवढंच सूत्राला लागतं. त्यामुळे एस्टर ५ मिलीऐवजी ४.९ मिली पडलं तरी उत्तराला धक्का लागत नाही. कॉस्टिक सोड्याची नेमकी नॉर्मॅलिटी (द्रावण किती तीव्र आहे ते) माहीत नसली तरीही लागत नाही, कारण सूत्रात ती वरही येते आणि खालीही येते, म्हणजे कटते. ऑक्झॅलिक आम्लाने तिचं प्रमाणीकरण करण्यात अर्धा तास घालवणारे विद्यार्थी मी पाहिलेत. परीक्षेत सांगितलं असेल तर जरूर करा, पण त्याने वेग स्थिरांक सुधारत नाही.

काटेकोर राहायचं ते चार गोष्टींत. तापमान, वेळेची नोंद, एकच पिपेट, आणि इन्फिनिटी रीडिंग, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचं शेवटचं रीडिंग. शेवटची सगळ्यात दुर्लक्षित आहे.

टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

साधारण अर्धा नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २५० मिली करा. तीव्र आम्ल अंदाजे १२ नॉर्मल असतं, तेव्हा १०.५ ते ११ मिली पुरेल. आधी पाणी घ्या, त्यात आम्ल सोडा, आणि हे काम धूरकक्षात करा. हे आम्ल उत्प्रेरक आहे, ते संपत नाही, पण वेग त्याच्या तीव्रतेवर अवलंबून असतो. म्हणून अहवालात आम्लाची तीव्रता आणि तापमान लिहिल्याशिवाय वेग स्थिरांकाला अर्थ नाही.

कॉस्टिक सोडा ०.२ नॉर्मल, एकदम अर्धा लिटर करून घ्या. ०.१ का नाही? हिशेब करून बघा. ५ मिली मिथाइल अ‍ॅसिटेटचं वजन सुमारे ४.७ ग्रॅम, म्हणजे ०.०६३ मोल. ते १०० मिली आम्लात मिसळलं की एकूण १०५ मिली द्रावण होतं. त्यातून काढलेल्या ५ मिलीत एस्टर असतं सुमारे ३ मिलिमोल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असतं सुमारे २.४ मिलिमोल. ०.१ नॉर्मल सोड्याने पहिलं रीडिंग २४ मिलीच्या आसपास येईल, आणि शेवटचं ५० च्या पलीकडे जाईल. म्हणजे टायट्रेशन (ब्युरेटमधून सोडा घालत आम्ल मोजणं) अर्ध्यावर असतानाच ५० मिलीची ब्युरेट रिकामी. ०.२ नॉर्मल घेतला की रीडिंग १२ पासून २६ च्या आसपास जातात. ती सोयीची.

सोड्याची बाटली रबरी बुचाने बंद ठेवा. काचेचं बूच सोड्यामुळे अडकून बसतं. उघडी बाटली हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते. इन्फिनिटी रीडिंग दुसऱ्या दिवशी घ्यायचं असेल तर याच बाटलीतला सोडा राखून ठेवायचा आहे. दुसऱ्या बाटलीतला घेतला तर वर सांगितलेली कटाकटी होणार नाही, आणि सगळं मुसळ केरात.

बर्फाचं पाहा. बऱ्याच ठिकाणी बर्फ बोअरच्या पाण्याचा असतो. त्यातले बायकार्बोनेट आम्ल खातात आणि रीडिंग कमी येतं. तेही दर वेळी वेगवेगळं, कारण एका फ्लास्कमध्ये दोन खडे पडतात आणि दुसऱ्यात पाच. बर्फ थेट फ्लास्कमध्ये टाकायचा असेल तर डिस्टिल्ड पाण्याचाच हवा. नाहीतर साधा बर्फ घमेल्यात भरा आणि डिस्टिल्ड पाण्याचे फ्लास्क त्यात बुडवून ठेवा. मला दुसरी पद्धत आवडते. फुकटची आहे आणि चूक व्हायला जागाच नाही.

टप्पा २: टेबल मांडणी

अभिक्रिया सुरू झाली की तुम्हाला कपाटाकडे धावायला वेळ मिळणार नाही. म्हणून आधीच:

सात कोनिकल फ्लास्कवर ०, १०, २०, ३०, ४५, ६०, ९० असे आकडे लिहा. प्रत्येकात २५ ते ३० मिली डिस्टिल्ड पाणी आणि फिनॉल्फथॅलिनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणारा दर्शक) दोन थेंब घालून बर्फाच्या घमेल्यात ठेवा. निदान पंधरा मिनिटं आधी.

ब्युरेट सोड्याने विसळून भरा आणि नळीच्या टोकातला हवेचा बुडबुडा काढा. हा बुडबुडा नेमका तिसऱ्या टायट्रेशनमध्ये सुटतो आणि अर्धा मिली खाऊन जातो.

५ मिलीची एक पिपेट आणि रबरी बल्ब घ्या. तोंडाने ओढायचं नाही. एस्टरची वाफ डोक्यात जाते आणि आम्ल तोंडात. ही पिपेट शेवटपर्यंत बदलायची नाही, इन्फिनिटीसाठीही नाही. तिची खूण किंचित चुकीची असली तरी चालेल, कारण सगळ्या रीडिंगमध्ये तीच चूक असेल. एस्टर ओतायला वेगळी पिपेट ठेवा.

आम्लाच्या बाटलीसाठी पाण्याची मोठी बादली किंवा टब. थर्मोस्टॅट असेल तर उत्तम, पण दहा-बारा लिटर पाण्याची बादलीही दीड तास तापमान बऱ्यापैकी धरून ठेवते. पंख्याखाली किंवा उन्हाच्या खिडकीपाशी नको.

सावधान: मिथाइल अ‍ॅसिटेट फार ज्वलनशील आहे. शेजारच्या बाकावर बुन्सेन बर्नर पेटलेला असेल तर बाटली उघडू नका.

टप्पा ३: तापमान एक करणे

१०० मिली आम्ल बूच लावलेल्या बाटलीत आणि साधारण १० मिली एस्टर बूच लावलेल्या परीक्षानळीत घ्या. दोन्ही त्याच बादलीत वीस मिनिटं ठेवा. थर्मामीटर आम्लात नाही, बादलीच्या पाण्यात.

घाई इथेच होते. या अभिक्रियेत तापमान १ अंश वाढलं की वेग सुमारे ९ टक्के वाढतो, आणि १० अंशांना जवळजवळ अडीच पट. म्हणजे सकाळची तुकडी २५ अंशांना आणि दुपारची तुकडी ३२ अंशांना काम करत असेल तर त्यांची उत्तरं जुळायलाच नकोत. जुळली तर संशय घ्या.

तपासा: बादलीचं तापमान दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा बघा. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर थांबा.

टप्पा ४: मिसळणे आणि शून्य रीडिंग

५ मिली एस्टर आम्लाच्या बाटलीत सोडा. पिपेट अर्धी रिकामी होईल तेव्हा स्टॉपवॉच सुरू करा. बूच लावून बाटली नीट हलवा, द्रावण एकजीव होईपर्यंत. मिथाइल अ‍ॅसिटेट पाण्यात चांगलं विरघळतं, त्यामुळे दहा-पंधरा सेकंदांत थर नाहीसा होतो. न हलवता पिपेट बुडवली तर वरचं एस्टर वरच राहतं आणि पहिली दोन रीडिंग भलतीच येतात.

आता नमुन्याची पिपेट याच मिश्रणाने एकदा विसळा आणि ते थोडं द्रावण टाकून द्या. मग ५ मिली काढून शून्य लिहिलेल्या गार फ्लास्कमध्ये सोडा. पिपेट अर्धी रिकामी झाली त्या क्षणी घड्याळ वाचा आणि तीच वेळ लिहा. एक मिनिट वीस सेकंद झाले असतील तर १.३ मिनिटं लिहा. "शून्य" लिहायचं म्हणून शून्य लिहू नका.

गार पाण्यात पडल्यावर अभिक्रिया अगदी थांबत नाही, मंदावते. थंडीमुळे सुमारे दहा पट, आणि आम्ल विरळ झाल्यामुळे आणखी सहा-सात पट. पाच मिनिटांत टायट्रेशन संपवलं तर ही मंद गती पुरेशी आहे. फ्लास्क बाकावर ठेवून चहाला गेलात तर नाही.

टप्पा ५: इन्फिनिटीचा नमुना आत्ताच वेगळा काढा

शून्य रीडिंगचं टायट्रेशन झालं की लगेच मिश्रणातलं ३० ते ४० मिली दुसऱ्या कोरड्या, घट्ट बुचाच्या बाटलीत काढून ठेवा. बहुतेक जण हे प्रॅक्टिकल संपल्यावर आठवतात, तेव्हा बाटलीत दहा मिली उरलेलं असतं आणि बसचीही वेळ झालेली असते.

दोन मार्ग आहेत. चांगला मार्ग म्हणजे ही बाटली खोलीच्या तापमानाला दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवणं. ३० अंशांना या अभिक्रियेचा अर्धायुकाल सव्वादोन तासांच्या आसपास असतो, म्हणजे २४ तासांत दहाहून जास्त अर्धायुकाल उलटतात आणि पुढे मोजण्यासारखं काही घडत नाही.

घाईचा मार्ग म्हणजे ६० अंशांच्या वॉटर बाथवर तापवणं. इथे दोन फसगती आहेत. मिथाइल अ‍ॅसिटेट ५७ अंशांना उकळतं. द्रावणात ते पातळ असल्यामुळे धाडकन उकळत नाही, पण उघड्या फ्लास्कमधून वाफ होऊन निघून जातं. जे उडालं त्याचं आम्ल होत नाही, आणि इन्फिनिटी रीडिंग कमी येतं. म्हणून मग बूच घट्ट लावून तापवायचं? तेही नाही, बाटली फुटू शकते. फ्लास्कला उभी लांब काचेची नळी, म्हणजे एअर कंडेन्सर, बसवा आणि निदान दीड तास ठेवा. अर्ध्या तासात उरकलेलं इन्फिनिटी रीडिंग हे इन्फिनिटी नसतं. पूर्ण गार झाल्यावरच पिपेटने काढा.

सावधान: इन्फिनिटी रीडिंग कागदावर हिशेब करून काढू नका. वरच्या आकड्यांवरून शून्य आणि इन्फिनिटी यांत १५ मिलीचा फरक यायला हवा असं वाटतं. प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो, कारण अभिक्रिया उलटही चालते आणि थोडं एस्टर शेवटपर्यंत तसंच राहतं. मोजलेलं रीडिंगच वापरा.

टप्पा ६: वेळेवर नमुने

१०, २०, ३०, ४५, ६० आणि ९० मिनिटांना ५ मिली काढायचं, गार फ्लास्कमध्ये सोडायचं, अर्ध्या पिपेटला वेळ वाचायची, आणि लगेच टायट्रेशन. दर पाच मिनिटांनी नमुने घेण्याचा हव्यास नको. एका टायट्रेशनला तीन-चार मिनिटं जातात, मग दुसरा नमुना उशिरा निघतो आणि जर्नलमध्ये मात्र १५, २०, २५ असे गुळगुळीत आकडे लागतात. नमुना अकराव्या मिनिटाला निघाला तर ११ लिहा. आलेखाला ११ चालतं.

दोन नमुन्यांच्या मधे बाटली बूच लावून बादलीतच हवी. बाकावर नको.

टायट्रेशनचा एंड पॉइंट, म्हणजे सोडा घालणं कुठे थांबवायचं, ही या प्रयोगातली सगळ्यात जुनी भांडणाची जागा. पहिला फिकट गुलाबी रंग आला, हलवल्यावर पंधरा-वीस सेकंद टिकला, की थांबा. तो नंतर उडणारच आहे. फ्लास्कमध्ये न फुटलेलं एस्टर शिल्लक असतं आणि अल्कली (म्हणजे सोडा) त्याच्यावर आम्लापेक्षा कितीतरी वेगाने तुटून पडते. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइडही हातभार लावतो. रंग उडाला म्हणून एक थेंब, परत उडाला म्हणून आणखी एक, असं करत बसलात तर तुम्ही उरलेलं एस्टर मोजायला लागला आहात. याच कारणासाठी शेवटी सोडा थेंबाथेंबाने आणि फ्लास्क सतत फिरवत घालायचा. एकदम धार सोडली तर त्या जागी काही क्षण अल्कली जास्त होते आणि तेवढं एस्टर तिथेच फुटतं.

फिनॉल्फथॅलिनऐवजी मिथाइल ऑरेंज वापरू नका. त्याला अ‍ॅसेटिक आम्ल पूर्ण दिसत नाही, आणि आपल्याला मोजायचंय तेच तर आहे.

तपासा: रीडिंग प्रत्येक वेळी वाढलं पाहिजे, आणि सारख्या अंतराच्या नमुन्यांमधली वाढ हळूहळू कमी होत गेली पाहिजे. एखादं रीडिंग आधीच्यापेक्षा कमी आलं तर ते खोडू नका. समोर प्रश्नचिन्ह लिहा आणि आलेखात ते रेषेबाहेर पडतं का ते बघा.

टप्पा ७: हिशेब

सूत्र असं:

वेग स्थिरांक = (२.३०३ ÷ वेळ) × लॉग [(इन्फिनिटी − शून्य) ÷ (इन्फिनिटी − त्या वेळचं रीडिंग)]

समजण्यासाठी ३० अंशांचे नमुन्यादाखल आकडे घेऊ. सोपं जावं म्हणून पहिला नमुना अगदी शून्य मिनिटाला काढला असं धरू.

शून्य रीडिंग ११.९ मिली
१० मिनिटं: १२.६
२० मिनिटं: १३.३
३० मिनिटं: १४.०
४५ मिनिटं: १४.९
६० मिनिटं: १५.७
९० मिनिटं: १७.२
इन्फिनिटी: २६.१

६० मिनिटांना (२६.१ − ११.९) म्हणजे १४.२, आणि (२६.१ − १५.७) म्हणजे १०.४. भागाकाराचा लॉग ०.१३५. त्याला २.३०३ ने गुणून ६० ने भागलं की प्रति मिनिट ०.००५२.

आता गंमत बघा. समजा ब्युरेट वाचताना फक्त ०.१ मिलीची चूक झाली. १० मिनिटांचं रीडिंग १२.६ ऐवजी १२.७ वाचलं तर वेग स्थिरांक ०.००५१ वरून ०.००५८ होतो, म्हणजे १५ टक्के फरक. तीच चूक ६० मिनिटांना केली तर फरक जेमतेम ३ टक्के. पण जर्नलमध्ये सगळ्या किमतींची सरळ सरासरी काढली जाते, जणू दहाव्या मिनिटाचं मत आणि साठाव्या मिनिटाचं मत सारखंच वजनदार आहे. सरासरीपेक्षा आलेख बरा, तो का ते पुढे येतंच.

आणि इन्फिनिटी १ मिलीने कमी आलं तर? २६.१ ऐवजी २५.१ धरून ६० मिनिटांची किंमत काढा. ०.००५७ येते, सुमारे ९ टक्के जास्त. शिवाय ही चूक एका ओळीत नसते, सगळ्या ओळींत शिरते. म्हणून इन्फिनिटीच्या बाटलीतून दोन टायट्रेशनं करा, दोन्ही ०.१ मिलीच्या आत जुळायला हवीत.

टप्पा ८: आलेख

आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर (इन्फिनिटी − त्या वेळचं रीडिंग) याचा लॉग. वरच्या आकड्यांत तो १.१५२ पासून ९० मिनिटांना ०.९४९ वर उतरतो. उतार ०.००२२६, गुणिले २.३०३, म्हणजे पुन्हा ०.००५२.

आलेखाचा मोठा फायदा हा की त्याला शून्य रीडिंगची गरज नाही. पहिला नमुना दीड मिनिट उशिरा काढला तरी तो बिंदू आपल्या खऱ्या वेळेवर बसतो. सूत्रात मात्र शून्य रीडिंगची चूक प्रत्येक ओळीत डोकावते. वेळ खरी लिहा असं चौथ्या टप्प्यात म्हटलं ते याचसाठी.

रेषा पट्टीने बिंदूंच्या मधून काढा, पहिला आणि शेवटचा बिंदू जोडून नव्हे. उतार काढायला रेषेवरचे दूरदूरचे दोन बिंदू घ्या. मोजलेले नको.

रेषा काय सांगते तेही वाचायला शिका. बिंदू खाली वाकत जात असतील तर इन्फिनिटी कमी पडलं आहे. वर वाकत, म्हणजे सपाट होत असतील तर इन्फिनिटी जास्त आलं असेल, किंवा बादली गार होत गेली असेल. फक्त पहिला बिंदू बाहेर असेल तर मिश्रण हलवलं नव्हतं, किंवा एस्टर आणि आम्ल एका तापमानाला नव्हते. सगळे बिंदू विखुरलेले असतील तर एंड पॉइंट दर वेळी वेगळ्या रंगावर धरला आहे. अशा वेळी जोडीतल्या एकानेच सगळी टायट्रेशनं करावीत आणि दुसऱ्याने फक्त पिपेट आणि घड्याळ सांभाळावं.

दोन आम्लांची तुलना करायची असेल तर

हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक या आम्लांची सापेक्ष ताकद काढणं हे याच प्रयोगाचं जोडप्रॅक्टिकल. दोन्ही आम्लं अर्धा नॉर्मल घ्या, दोन बाटल्या एकाच बादलीत ठेवा, आणि दुसरी बाटली पहिलीपेक्षा पाच मिनिटं उशिरा सुरू करा, म्हणजे नमुने एकमेकांवर आदळणार नाहीत. वेग स्थिरांकांचं गुणोत्तर हेच उत्तर. सल्फ्युरिकची किंमत कमी यायला हवी, कारण त्याचा दुसरा हायड्रोजन या तीव्रतेला पूर्ण सुटा होत नाही. जास्त आली तर आधी बाटल्यांवरची लेबलं तपासा.

दोन्हींची इन्फिनिटी वेगवेगळी मोजायची. एकीची दुसरीला उसनी चालत नाही, कारण दोन्ही आम्लं "अर्धा नॉर्मल" म्हणून केली तरी बाटलीत ती क्वचितच नेमकी तितकी असतात.